शब्दचर्चा: मुलाच्या डोक्याला ‘अत्याचारा’ने झालेली इजा म्हणावं का?

सायली_भाषांतरे: लहान मुलांच्या मेंदूच्या तपासण्यांबद्दल पालकांसाठीचं एक पत्रक मराठीत करते आहे. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय इथपर्यंत गाडी सुरळीत आली आणि ‘अब्युझिव्ह हेड ट्रॉमा’ या उपशीर्षकापाशी अडली. मी ‘अत्याचारामुळे डोक्याला झालेली इजा’ असं लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंचा शेरा: ‘बालकावर अत्याचार म्हटलं की वाचणारा लैंगिकच समजेल.’ वर्तमानपत्रांनी या शब्दाचं जे करून ठेवलंय ते पाहता त्यांचं खोटंही नाही. ‘छळ’ म्हणावं तर सासर आठवतं. ‘मारहाण’ म्हणावं तर तान्ह्या मुलाला नुसतं गदागदा हलवलं तरी मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो, तिथे कुणी फटका मारलेला नसतो. काय लिहू?

शब्दशः: अति + आचार, मर्यादा सोडून केलेलं वर्तन. शब्द अगदी निर्दोष आहे. बातमीदारांना ‘बलात्कार’ लिहायचा संकोच वाटतो म्हणून आपण आपला शब्द टाकून द्यायचा? कोशात आहे तोच अर्थ लिहा, लोक शिकतील.

आक्का_कोल्हापूर: लोक शिकतील, पण पोराला रात्री अकरा वाजता दवाखान्यात घेऊन आलेली बाई कोश उघडून बसणार आहे का? ‘गदागदा हलवणे’ इतका नेमका शब्द घरात असताना शोधाशोध कशाला?

क्षकिरण: बालरोग-रेडिओलॉजीत काम करतो म्हणून लिहितो. आम्ही आपसात ‘एनएआय’ म्हणतो, म्हणजे अपघाताने न झालेली इजा. नावाचा घोळ इंग्रजीतही आहेच. जॉन कॅफी या अमेरिकी डॉक्टरांनी १९४६ साली दाखवलं की मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलेल्या काही बाळांच्या हातापायांची हाडंही मोडलेली असतात. पुढे इंग्लंडमध्ये गुथकेल्च या मेंदूच्या सर्जननी १९७१ मध्ये हलवण्याचा संबंध मांडला: डोकं मागेपुढे हिसडलं की मेंदूकडून वरच्या मोठ्या शिरेकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. त्यातून ‘शेकन बेबी’ हे नाव रूढ झालं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ते बाजूला ठेवायला सांगितलं, कारण इजा नेमकी कशी झाली हे त्या नावातच ठरून जात होतं. आक्का, तुमचा शब्द छान आहे, पण त्यात तीच अडचण आहे.

सायली_भाषांतरे: म्हणजे स्कॅनवर ‘कसं’ ते दिसत नाही?

क्षकिरण: रक्त दिसतं, ते कुठे आहे ते दिसतं, मेंदूला सूज आहे का ते दिसतं. तातडीला सीटी, मग नुकसान किती हे पाहायला एमआरआय. रक्त किती जुनं याचा अंदाज येतो, पण तारीख सांगता येत नाही. कुणी केलं हे तर कुठलंच यंत्र सांगत नाही. म्हणून सगळ्या हाडांचे एक्स-रे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, रक्त गोठतं की नाही, हे सगळं जोडून पाहायचं. व्हिटॅमिन के कमी पडलं तरी महिन्या-दीड महिन्याच्या बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होतो. साध्या बाळंतपणानंतरही पुष्कळ बाळांच्या एमआरआयमध्ये थोडं रक्त सापडतं आणि बहुतेकदा ते तीन महिन्यांच्या आत जिरतं. माझं मत विचाराल तर शीर्षकात आरोप नको. ‘संशयास्पद इजा’ लिहा.

शब्दशः: इजेवर कसला संशय? संशय माणसावर असतो. शिवाय ‘इजा’ अरबी. ‘अनपघाती आघात’ घ्या.

आक्का_कोल्हापूर: अनपघाती! तोंडात अडकला की काढायला परत तुमचीच एमआरआय लागेल.

नेने_डोंबिवली: ‘तुमचाच’ एमआरआय. सोनोग्राफी ती, एमआरआय तो.

आक्का_कोल्हापूर: आमच्याकडे ती. डॉक्टर, झोळीत झोका देतात, पायावर घेऊन हलवतात, त्याने असं होतं का?

क्षकिरण: नाही. झोळी, पाळणा, मांडीवर खेळवणं यांनी नाही. जोरात हिसडणं वेगळं. पाय धरून उलटं लटकवायची न्हाणीघरातली पद्धत मात्र सोडून द्या. आणि सायलीताई, टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून सोनोग्राफी करता येते, हे पत्रकात आहे ना? भूल नाही, किरण नाहीत. फक्त कवटीच्या कडेचा पातळ रक्ताचा थर तिच्यातून निसटू शकतो, हेही लिहा.

सायली_भाषांतरे: आहे, आणि तिथेही घोटाळा झालाच. ‘टाळूतून सोनोग्राफी’ वाचून एका आईने विचारलं, बाळाच्या तोंडात यंत्र घालणार का?

नेने_डोंबिवली: ती आईच बरोबर. संस्कृत तालु म्हणजे तोंडातलाच. तालव्य वर्ण काय डोक्यावरून उच्चारतात?

आक्का_कोल्हापूर: तोंडातला तो टाळा. उचलली जीभ लावली टाळ्याला. डोक्यावरची ती टाळू, जिच्यावर तेल घालतात.

मालवणी_माणूस: माझी आजी म्हणायची, टाळू उडते ती तालात उडते, म्हणून टाळू. टाळ-मृदंगातला टाळही तिथलाच.

शब्दशः: आजींना नमस्कार, पण ही व्युत्पत्ती आठवड्याच्या बाजारातली आहे. तालूवरून टाळू आली, हे उघड आहे. तोंडातून डोक्यावर कधी चढली, एवढाच प्रश्न.

मालवणी_माणूस: मग मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तोंडात हात घालून खातात का?

क्षकिरण: आमच्या ओपीडीतली गंमत याहून मोठी आहे. पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात भरते असं मी सांगतो. आया म्हणतात, ‘आम्ही रोज भरतो.’ त्यांचं भरणं तेलाचं, माझं हाडाचं. आता मी ‘मिटते’ म्हणतो.

शब्दशः: डोळे मिटतात. टाळू ‘सांधते’ म्हणा.

सायली_भाषांतरे: शीर्षकाचं तेवढं सांगा कुणीतरी. पुढच्या पानावर पोटातल्या बाळाच्या एमआरआयची माहिती आहे, मेंदूतल्या पोकळ्या दहा मिलिमीटरहून रुंद दिसल्या तर काय करायचं वगैरे. तिथे ‘गर्भ’ घातलाय.

नेने_डोंबिवली: ‘भ्रूण’ हवं. स्त्रीभ्रूणहत्या म्हणतो ना आपण.

क्षकिरण: नको. भ्रूण पहिल्या दोन महिन्यांचा. हा एमआरआय बहुधा विसाव्या आठवड्यानंतर करतात, तेव्हा तो गर्भच. बातम्यांतला ‘भ्रूण’ तोही चुकीचाच.

शब्दशः: पाहा! इथे तुम्हाला बातमीदार चुकीचे वाटतात आणि ‘अत्याचारा’पाशी मात्र त्यांच्यापुढे मान तुकवायची.

आक्का_कोल्हापूर: टाळू ‘सांधते’ कुणी म्हणत नाही हो. आमच्याकडे ‘बुजते’ म्हणतात.

मालवणी_माणूस: बुजतो तो बैल.