पहिला मजूर पंतप्रधान मॅकडोनल्ड नव्हे
रॅम्से मॅकडोनल्डना 'जगातला पहिला मजूर (म्हणजे मजूर पक्षाचा) पंतप्रधान' म्हटलं जातं. ब्रिटनपुरतं बरोबर, पण ते १९२४ मध्ये. त्याआधी वीस वर्षं, एप्रिल १९०४ मध्येच, ऑस्ट्रेलियात ख्रिस वॉटसन पंतप्रधान झाला होता. मूळचा छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर, वय ३७. बहुमत नव्हतं, चार महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. (त्याच्या पक्षाला मजूर म्हणजे गोरेच मजूर अभिप्रेत होते, हेही विसरू नये.)

मला वॉटसननंतरचा ऑस्ट्रेलियाचा मजूर पंतप्रधान अँड्र्यू फिशर जास्त भावतो. पोरवयातच स्कॉटलंडच्या कोळसा खाणीत उतरला, १८८५ मध्ये ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड गाठलं, तिथेही जिंपीची सोन्याची खाणच नशिबी. त्यानेच १९१० मध्ये पक्षाला स्पष्ट बहुमत मिळवून दिलं. आणि आपल्याला मॅकडोनल्ड आठवतो तो १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे (दलित व अल्पसंख्याकांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा निर्णय), पण तोवर ब्रिटनच्या मजूर पक्षानेच त्याला हाकललं होतं.