‘द किंग्ज स्पीच’मधील राजाचा तोतरेपणा: मूळ भीतीत आहे का?

प्रश्न:
‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला. चिमटे काढणारी दाई, कठोर वडील, डावखुरेपणा मोडून काढण्याचा अट्टाहास असे ब्रिटनचा राजा सहाव्या जॉर्जचे बालपण उपचारक लायनेल लोग हळूहळू बोलते करतो आणि तोतरेपणा भीतीतून जन्मला, असा समज प्रेक्षक घरी घेऊन जातो. हे शास्त्राला धरून आहे का? असल्यास, गाताना किंवा शिव्या देताना राजाची जीभ का अडत नाही?

प्रतिसाद १:
भीती खतपाणी घालते. बी तिचे नसते. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो आणि त्याचा संबंध आनुवंशिकतेशी, तसेच उच्चाराच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूतील यंत्रणेशी आहे. गाण्यात शब्द आणि लय आधीच ठरलेली असल्याने या यंत्रणेवरचा ताण कमी होतो, असे मानले जाते. लोग कानांवर मोठ्याने संगीत लावून राजाकडून ‘हॅम्लेट’ नाटकातील स्वगत वाचून घेतो व ते ध्वनिमुद्रित करतो, तो प्रसंग आठवा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने आपण नेहमीसारखेच अडखळलो असे समजून तो वैतागून निघून जातो आणि नंतर त्या ध्वनिमुद्रणाची तबकडी लावतो, तर वाचन अस्खलित! आवाज झाकला की अडखळणे अनेकांत कमी होते, हे प्रयोगांतही दिसले आहे; परिणाम मात्र बहुधा तेवढ्यापुरताच टिकतो.

प्रतिसाद २:
मी स्वतः लहानपणापासून अडखळतो, म्हणून थोडे आतले सांगतो. कोणता शब्द अडणार हे दोन-चार शब्द आधीच कळते आणि तेवढ्या अवधीत पर्याय शोधावा लागतो. ‘बुधवारी’ अडणार असे दिसले की मी ‘परवा’ म्हणून वेळ मारून नेतो, मग तो बुधवार भले तेरवा असो. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. दूरध्वनीवर ‘कोण बोलतंय?’ असे विचारल्यावर मी कित्येकदा फोन ठेवून दिला आहे. त्यामुळे सुरुवातीच्या, वेम्ब्ली येथील भाषणाच्या दृश्यात मला सर्वांत खरी वाटली ती शब्दापूर्वीची शांतता, ज्यात राजाची भूमिका करणाऱ्या कॉलिन फर्थचा घसा आवळतो आणि समोरची गर्दी अवघडून जाते. अशा प्रसंगांनी साचत गेलेली धास्ती हा तोतरेपणाचा परिणाम आहे; पुढे तीच अडखळणे वाढवते, म्हणून बाहेरून कारण आणि परिणाम यांची गल्लत होते.

प्रतिसाद ३:
एक ऐतिहासिक दुरुस्ती. प्रत्यक्षात लोगकडील उपचार १९२६ मध्ये सुरू झाले आणि १९२७ मधील ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील भाषण चांगले पार पडले. चित्रपटाने हा प्रवास सोयीसाठी पुढे ढकलून ३ सप्टेंबर १९३९ च्या, युद्ध सुरू झाल्याच्या भाषणाला जोडला आहे. तरीही राजा ‘बरा झाला’ असे चित्रपट म्हणत नाही, हे मला मोलाचे वाटते. पटकथाकार डेव्हिड सायडलर बालपणी स्वतः अडखळत असत, त्याचा हा गुण असावा. शेवटच्या भाषणानंतर एक अक्षर अजूनही अडल्याचे लोग दाखवून देतो, तेव्हा बोलणारा मीच आहे हे लोकांना कळायला नको का, असे राजा हसून विचारतो.