अमेरिकेत लायब्ररी कार्ड कसं काढायचं?

वाचनवेडी: न्यू जर्सीला राहायला जातोय. तिथल्या सार्वजनिक लायब्रऱ्यांचं फार कौतुक ऐकलंय. कार्डाला काय लागतं?

सह्यकडा: फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. पासपोर्टसोबत भाडेकरार किंवा विजेचं बिल चालतं. खर्च स्थानिक करातून होतो, म्हणून गावच्या रहिवाशांना फी नाही. शेजारच्या गावात मात्र पैसे मागू शकतात.

निळीशाई: कार्ड मिळताच लिबी या लायब्ररीच्या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये कार्डाचा नंबर आणि पिन टाका. ई-पुस्तकं, ऑडिओबुक सगळं फुकट. नव्या पुस्तकांना रांग लांब, कारण एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक. होल्ड, म्हणजे रांगेत नाव, लवकर लावा. नंबर आल्यावर साधारण तीन दिवसांत घेतलं नाही तर पुस्तक पुढच्याकडे जातं.

पानापानातून: मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इंटरलायब्ररी लोन. आपल्या लायब्ररीत नसलेलं पुस्तक परराज्यातल्या विद्यापीठातूनही मागवून देतात! अर्जात आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) लिहा, नाहीतर दुसरीच आवृत्ती येते. मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत टाकून शोधा. कॅटलॉगच्या जुन्या नोंदींत देवनागरी बहुधा नसते. आणि असं मागवलेलं पुस्तक मुदतीतच परत करा, मुदतवाढ द्यायची की नाही हे पुस्तक देणारी लायब्ररी ठरवते, तुमची नव्हे.