रेशनवर नेमके काय मिळते, आणि साबण-चहा घेण्याची सक्ती दुकानदार करू शकतो का?

प्रश्न : मुठाकाठची

आमच्याकडे पुण्यात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींसाठी हे विचारत आहे. त्यांची शिधापत्रिका जालना जिल्ह्यातल्या गावची, प्राधान्य कुटुंबाची असून तिच्यावर पाच नावे आहेत. तिघे पुण्यात राहतात, सासूबाई आणि धाकटी मुलगी गावी. मागच्या महिन्यात इथल्या दुकानदाराने धान्य देण्यापूर्वी चहापत्तीचा पुडा आणि दोन साबण समोर ठेवले आणि ‘हे घ्या, मग अंगठा लावा’ असे सांगितले. मावशींजवळ तेवढे पैसे नव्हते, म्हणून त्या रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. अशी सक्ती करता येते का? दुसरे असे की, त्यांच्या घरी भाकरी-पोळीच अधिक लागते, पण या महिन्यात माणशी तीन किलो तांदूळ आणि दोनच किलो गहू आहे. तांदळाऐवजी तेल किंवा डाळ मागता येते का? त्यांच्या दिरांना गावी धान्याऐवजी पैसे मिळतात, तसे यांना मिळू शकतील का?

उत्तर : दुकानदाराची_लेक

माझ्या वडिलांनी बावीस वर्षे रास्त भाव दुकान चालवले, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : सक्ती करता येत नाही. दुकानात इतर वस्तू विकायला ठेवलेल्या असू शकतात, परंतु त्या घेतल्या नाहीत म्हणून धान्य अडवता येत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य हा हक्क आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे मावशींनी दुकानात एक रुपयाही नेण्याची गरज नव्हती.

ही सक्ती का होते, तेही सांगते, कारण ते समजल्याशिवाय तक्रारीला धार येत नाही. दुकानदाराला धान्यवाटपाचे कमिशन म्हणून क्विंटलमागे १५० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये १७० झाले. मावशींच्या पंचवीस किलोंवर हा हिशेब साडेबेचाळीस रुपयांचा होतो. त्यातच हमाली, वीज आणि जागेचे भाडे. चहाच्या पुड्यावर त्याहून अधिक सुटतात. वडिलांचीही ओढाताण होत असे, पण त्यांनी कोणाच्या पिशवीत साबण कधी कोंबला नाही. दुकानदाराची अडचण खरी असली, तरी तिचा भार रिकाम्या हाती परतणाऱ्या बाईवर टाकणे अन्यायाचे आहे. दुकानदाराने ऐकलेच नाही, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करावी आणि शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवावा.

तेल-डाळीचे मात्र कठीण आहे. कायद्यातला हक्क तांदूळ, गहू आणि भरडधान्याचा आहे, आणि कोणत्या महिन्यात कशाचे प्रमाण किती हे शासन ठरवते, त्यामुळे तांदूळ नको म्हणून त्याच्या बदल्यात दुसरे काही दुकानात मागता येत नाही. साखर अंत्योदय कार्डालाच मिळते, कुटुंबामागे एक किलो. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळाले होते, तो ‘आनंदाचा शिधा’ सणापुरता होता. त्यावरून अनेकांचा समज झाला आहे की तेल रेशनवर असते आणि दुकानदार ते दडवतो.

उत्तर : मांजराकाठ

पैशांबद्दल मी लिहितो, कारण आमचे कार्ड त्याच योजनेतले आहे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत असे. त्याऐवजी जानेवारी २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये आणि पुढे १७० रुपये ठरले. ही योजना अन्न सुरक्षा कायद्याच्या बाहेर राहिलेल्या शेतकरी कुटुंबांची आहे, त्यामुळे प्राधान्य कार्डावर पैसे मागता येणार नाहीत. आणि मागूही नयेत, असे माझे मत आहे. आमच्याकडे आठवडी बाजारात १७० रुपयांत पाच किलो गहू कसाबसा येतो, तोही पैसे वेळेवर आले तर. आमच्या खात्यावर चार महिन्यांची रक्कम एकदम आली, तेव्हा आईने पासबुक उघडून आकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या वसतिगृहाला पाठवली. कोठीत गव्हाचे पोते असते, तर ते पोते वसतिगृहाला गेले नसते.

उत्तर : वारणेकर

तांदूळ नको असेल तर अनेक लोक तो टेम्पोवाल्याला विकतात. अशांचे कार्डच बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकट मिळालेल्या धान्याचा व्यापार होऊ नये.

उत्तर : दुकानदाराची_लेक

रेशनचे धान्य बाजारात विकणे योग्य नाही, आणि जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये अशा व्यापाऱ्यांवर गुन्हेही दाखल होतात, म्हणून मावशींनी या वाटेला जाऊ नये, हे मान्य. परंतु कार्ड बंद करण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे. आमच्या दुकानाबाहेर पाच किलो तांदूळ देऊन तेलाची पिशवी घेणारी बाई मी पाहिली आहे. तिच्या घरात भात शिजवायला तांदूळ होता, फोडणीला तेल नव्हते. तिचे कार्ड बंद केल्याने तेल येणार नाही, तांदूळही जाईल. रेशनवर डाळ आणि तेल कायमचे मिळावे, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

मुठाकाठची, एक राहिले : तिघांचा वाटा पुण्यात आणि दोघींचा गावी असे विभागून उचलता येते. अंगठा लावल्यावर मशीनवर किती किलो टाकायचे, ते दुकानदाराला आधीच सांगावे, नाहीतर पंचवीस किलो एकदम नोंदवले जातात आणि गावी सासूबाईंना काहीच उरत नाही.

मुठाकाठची

सर्वांची आभारी आहे. आज मी मावशींसोबत गेले होते. चहाचा पुडा पुन्हा समोर आला. मी १९६७ चा उल्लेख केल्यावर तो मागे गेला. पंधरा किलो मिळाले, सहा गहू आणि नऊ तांदूळ. पावतीवर उरलेल्या दहा किलोंचा आकडा मावशींनी दोनदा वाचून घेतला आणि दुकानाच्या पायरीवरूनच सासूबाईंना फोन लावला.