उत्तर ध्रुव आणि आर्क्टिक : "अर्थ एकच" म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळाकाठ :
आपल्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर काल पोस्ट पडली : "आर्क्टिक हा परका शब्द टाळा, सरळ उत्तर ध्रुव लिहा, अर्थ एकच." खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अर्थ एक नाही. उत्तर ध्रुव हा बिंदू आहे. ९० अंश उत्तर अक्षांशावर, तरंगत्या बर्फात, खाली चार हजार मीटरहून खोल समुद्र. आर्क्टिक हा मुलूख आहे : मधला महासागर आणि भोवतीची रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड, कॅनडा, अलास्काची उत्तरेकडची अंगं. तिथं गावं आहेत, शाळा भरतात, मासेमारी चालते. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंडला आहे, साधारण ७९ अंशांवर. माझ्या भाचीनं सराव पेपरात "हिमाद्री उत्तर ध्रुवावर आहे" असं लिहिलं आणि तपासणाऱ्यानं बरोबरची खूण केली! ध्रुव तिथून बाराशे किलोमीटरवर. कोल्हापूर ते आग्रा सरळ रेघेत जवळपास तेवढंच अंतर आहे. आग्र्याचा किल्ला कोल्हापुरात आहे असं लिहिलं तर मार्क द्याल का?

शाहूपुरीचा :
मग 'उत्तर ध्रुव प्रदेश' म्हणा की. एक शब्द वाढवला, वाद मिटला. आर्क्टिक आणि अंटार्क्टिक यात पोरं दरवेळी गोंधळतात, कारण त्या शब्दांत मराठी पोराला धरायला काहीच नाही. 'उत्तर' आणि 'दक्षिण' ऐकताक्षणी दिशा कळते. गावात एक दुकान दाखवा ज्याची पाटी मराठीत वाचता येते. माझ्या मुलाच्या शाळेत तर 'बेरीज' म्हटलं की बाई हसतात. आधी भाज्यांची मराठी नावं गेली, आता भूगोल चाललाय.

बोटीवरचा :
पाटीचं राहू दे भावा. मी मालवाहू बोटीवर होतो, रशियातल्या मुरमान्स्क बंदराला दोनदा गेलोय. ६९ अंश उत्तर, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच आत. भर हिवाळ्यात दिवसभर सूर्य नाही, पण बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथवर पोचतो. मी घरी फोन केला तर आई म्हणाली, "ध्रुवावर कशाला गेलास रं?" तिला समजावताना माझा घाम निघाला. शब्द वेगळे पाहिजेत, रंकाळाकाठचं बरोबर आहे.

निवृत्त_गुरुजी :
तीस वर्षं भूगोल शिकवला. पण रंकाळाकाठ, तुमच्या आर्क्टिकची तरी हद्द पक्की आहे का? कुणी ६६ अंश ३३ मिनिटांचं वृत्त धरतं. तेही स्थिर नाही, पृथ्वीच्या आसाचा कल बदलतो तसं दरवर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं. कुणी जुलैचं सरासरी तापमान १० अंशांखाली असेल तो प्रदेश धरतं, कुणी झाडं संपतात ती रेषा. वृत्त धरलं तर जवळपास सगळा आइसलँड बाहेर राहतो. मग बिंदू नेमका आणि मुलूख संदिग्ध, एवढंच तुम्ही सिद्ध केलंत.

रंकाळाकाठ :
गुरुजी, मान्य, हद्द एक नाही. पण 'देश' आणि 'कोकण' यांची तरी रेघ कुणी मारलीय? म्हणून घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला कोकण म्हणायचं का?

शब्द परका आहे म्हणता, त्यावर मात्र माझं ऐकाच. ग्रीक 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. पांढऱ्या अस्वलावरून नाही, आकाशातल्या अस्वलावरून; आपले सप्तर्षी त्यातलेच. संस्कृत 'ऋक्ष' हा त्याचाच सख्खा भाऊ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात उंचावर ठेवलेले 'ऋक्ष' येतात, आणि सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असं शतपथ ब्राह्मण सांगतं. आमची आजी गच्चीवर झोपवताना त्याच ताऱ्यांना म्हातारीचं बाजलं म्हणायची आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे चोर. कोल्हापुरातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर, म्हणून बाजलं रोज बुडतं. उत्तरेत वर गेलं की ते मावळतच नाही. ध्रुव म्हणजे अढळ, तो बिंदू. त्याच्याभोवती फिरणारं अस्वल ज्याच्या डोक्यावर, तो मुलूख आर्क्टिक. आणि त्याच्या समोरचा तो अंटार्क्टिक. घ्या, पोरांना धरायला मिळालं.

गडवाट :
ऋग्वेद काढलात म्हणून विचारतो, लोकमान्यांचं नाव का नाही? १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहून त्यांनी आर्यांचं मूळ घरच तिथं दाखवलं. दीर्घ उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस, सगळे पुरावे दिले.

बोटीवरचा :
सहा महिन्यांचा दिवस फक्त ध्रुवावर. मुरमान्स्कला सूर्य मावळत नाही तो दोनेक महिनेच. बघा, परत बिंदू आणि मुलूख एक केलात.

गडवाट :
टिळकांनी हा फरक केलाय. न वाचता बोलू नये.

तालीमवाला :
टिळकांचं मोठेपण कोल्हापूरला शिकवू नका. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, ते शाहू महाराजांच्या विरुद्ध उभे होते. ज्यांना आमच्या राजाला वेदमंत्र द्यायचे नव्हते, त्यांनी वेदांचं घर शोधलं तर आम्हाला काय?

गडवाट :
वैयक्तिक राग इथं कशाला? विद्वत्ता वेगळी, राजकारण वेगळं.

तालीमवाला :
वैयक्तिक? माझे पणजोबा महाराजांच्या वसतिगृहात शिकले म्हणून आज मी हे लिहू शकतो. माझ्यासाठी वेगळं नाही.

निवृत्त_गुरुजी :
थांबा दोघंही. ध्रुवाजवळचं आर्यांचं घर आज अभ्यासक मानत नाहीत, आणि वेदोक्त कोल्हापूर विसरणार नाही. दोन्ही खरं. पोरीच्या पेपरवर या.

शाहूपुरीचा :
ऋक्षाचं मला माहीत नव्हतं, हे कबूल करतो. तरी मी 'ध्रुव प्रदेश'च लिहिणार, कारण घरात पोराशी मला ते सहज बोलता येतं. पण हिमाद्री ध्रुवावर नाही आणि ग्रुपवरची "अर्थ एकच" ही ओळ चूक आहे, एवढं मानतो.

रंकाळाकाठ :
'ध्रुव प्रदेश'ला माझा विरोध नव्हताच. नुसत्या 'ध्रुवा'ला होता. हे तिकडं लिहाल का? माझं तिथं कुणी ऐकत नाही.

शाहूपुरीचा :
लिहिलं. आग्र्याचं उदाहरणही तुमचंच दिलं. पोस्ट अजून काढलेली नाही.