दोन्ही लागतात म्हणजे नक्की काय?

समलिंगी जोडप्यांनी मूल वाढवायचा विषय निघाला की 'मुलाला आई आणि बाप दोन्ही लागतातच' असं म्हटलं जातं, त्यावर थोडं. अमेरिकेत १९८६ पासून लेस्बियन आयांच्या मुलांचा एक अभ्यास चालू आहे, मुलं जन्माला यायच्या आधीपासून. ती पोरं पंचविशीची झाली तेव्हाचे निकाल २०१८ मध्ये छापून आले, मानसिक आरोग्यात इतर मुलांपेक्षा फरक सापडला नाही. आता सँपल लहान, शंभरच्या आतच, आणि अभ्यासात स्वतःहून आलेल्या बायका, त्यामुळे शंका घ्यायला जागा आहे हे मान्य. पण 'मुलं बिघडतात' म्हणणाऱ्यांकडे तेवढंही नाही ना!

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे हो. २०२२ च्या दत्तक नियमांत जोडप्याला मूल हवं तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि समलिंगी लग्नच कायद्यात नाही. सुप्रीम कोर्टाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचपैकी चंद्रचूड आणि कौल या न्यायमूर्तींनी ही अट चुकीची म्हटली पण बाकी तिघांचं बहुमत उलटं गेलं. मग उरतं काय, तर दोघांपैकी एकाने सिंगल म्हणून दत्तक घ्यायचं (पुरुष असेल तर मुलगी मिळतच नाही, तो वेगळा विषय). दुसरा रात्रभर ताप उतरवत बसला तरी कागदावर त्या मुलाचा कोणीच नाही, आणि पहिल्याला उद्या काही झालं तर मूल या दुसऱ्याकडेच राहील याची गॅरंटी नाही. मृत्युपत्रात त्याला पालक नेमून ठेवता येतं, तेवढं तरी लोकांनी करावं.