अनुभव धागा: उन्हाच्या गावातले लोकरवाले

दोनसुलट

पुण्यात पारा चाळिशीकडे निघाला की लोकरीच्या दुकानात शुकशुकाट होतो. दुकानदार गठ्ठे माळ्यावर टाकतो आणि आपण गेलो की "ताई, आता दिवाळीनंतर या" म्हणतो. माझे विणायचे दिवस नेमके हेच. थंडी पडल्यावर टाके घातले तर स्वेटर होळीला तयार होतो, मग तो घालायचा कधी?

तर विणणाऱ्यांनो, लिहा. कुठे बसून विणता, कोणासाठी विणता, घरचे काय म्हणतात, लोकर कुठे दडवता? क्रोशावाल्यांनाही आग्रहाचं आमंत्रण, फक्त "आमचं लवकर होतं" हे ऐकवायचं नाही.

माझ्यापासून सुरुवात. मे महिन्यात तळहात घामेजले की ॲक्रिलिकची लोकर सुईवर सरकत नाही आणि ॲल्युमिनियमच्या सुयांनी बोटं काळी पडतात. फिकट गुलाबी झबलं विणताना हा काळपटपणा लोकरीवर उतरला की जीव जातो. म्हणून उन्हाळ्यात बांबूच्या सुया, हाताला टाल्कम पावडर आणि वेळ पहाटेची. नवऱ्याच्या मते मी पहाटे उठून योगासनं करायला हवीत. लोकर दिवाणात आहे, पाहुण्यांच्या गाद्यांच्या खाली. हल्ली पाहुणे आले की गाद्या मीच काढून देते.

लेडीज_डबा

मस्त धागा! मी कल्याणहून चढते, भायखळ्याला उतरते. विणकाम जे काही होतं ते गाडीतच. पूर्वी लांब सरळ सुया वापरायचे. चौथ्या सीटवर बसून चौदा इंची सुया चालवल्या तर शेजारणीच्या बरगडीत जाणारच, त्यावरून शब्दाला शब्द वाढायचा. आता सर्क्युलर सुई, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन छोट्या सुया. तिच्यावर सपाटही विणता येतं, टाके मधल्या तारेवर बसतात, कोपर अंगाशी राहतं. शिवाय स्टेशन आलं आणि ओळ अर्धी असली तरी टाके घसरत नाहीत.

गाडीत फक्त साधी वीण, म्हणजे एक ओळ सुलट, एक उलट. जाळीची नक्षी घेतली होती, पण "अढी, दोनांचा एक, तीन सुलट" असं मोजत असताना समोरून कोणीतरी "कितीला दिलं हे?" विचारतं आणि गणती गेली. नक्षी रविवारी, घरी, दार लावून.

गुंडा सीटखाली घरंगळला की समोरच्या सगळ्यांना पाय उचलायला लावावे लागतात. तो कापडी पिशवीत घालून पिशवीचे बंद मनगटाला बांधायचे. आमच्या डब्यात एक मावशी आहेत, स्वतः विणत नाहीत, पण माझा गळा जास्त खोल होतोय हे त्यांना ठाण्याच्या आधी कळतं. त्यांचं बरोबर असतं, हे विशेष.

जुनी_वीण

मुलींनो, वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी मुलींच्या शाळेत विणकामाला तास होता आणि गुणही होते. १९६२ च्या युद्धात सरहद्दीवरच्या जवानांसाठी घरोघरी लोकरीचं विणकाम सुरू झालं. मी तेव्हा शाळेत. आमच्या वाड्यात संध्याकाळी ओट्यावर बसून बायका खाकी आणि हिरव्या लोकरीचे स्वेटर, मफलर, मोजे विणायच्या. ज्यांना स्वेटर जमत नसे त्यांना मफलर देत. मला मफलरच मिळाला होता. ज्या माणसाचं माप माहीत नाही, चेहरा माहीत नाही, त्याच्यासाठी विणायचं, म्हणून आई माप जरा सैलच धरायला सांगायची. आत जाड सदरा असणार, असं तिचं म्हणणं.

दुसरं सांगायचं ते उसवण्याबद्दल. नवी लोकर वर्षातून एकदा यायची. मोठ्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. शिवण आधी सोडवायची, मग शेवटी बंद केलेल्या टाक्यांकडून धागा ओढायचा. उसवलेली लोकर कुरळी असते, ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून न पिळता दांडीवर टांगायची, खाली थोडं वजन लावायचं. वाळली की सरळ. मग एका पोराला समोर बसवून त्याच्या दोन्ही हातांत लड अडकवायची आणि गुंडा करायचा. पोरं पळून जायची, पण पुढचा स्वेटर त्याच पोराच्या अंगात जात असे. माझ्या धाकट्या भावाने कधी एका रंगाचा स्वेटर घातला नाही. पट्ट्यापट्ट्यांचाच.

आता डोळ्याला बारीक सुई सोसत नाही. आठ नंबर घेते आणि ओळखीत कोणाकडे बाळ होणार असलं की बाळंतविडा विणते: टोपडं, झबलं, मोजे. काळ्या लोकरीला हात लावत नाही. टाके दिसतच नाहीत.

नागपूरचा_गडी

जुनी_वीण ताई, लडीचं वाचून आईची आठवण आली. तो पळून जाणारा पोरगा मी.

पुरुष आयडी बघून कोणी दचकू नका. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात आहे, पाळी संपली तरी झोप येत नाही, तेव्हा विणतो. "काहून बाप्पा, बायको विणत नाही का?" हे सगळ्यांनी विचारून झालं. नाही विणत. तिला कंटाळा येतो. युरोपात मध्ययुगानंतर सुयांवर विणणाऱ्यांचे संघ होते आणि त्यांत कारागीर पुरुष असत, हे मी सांगत बसत नाही, कारण समोरच्याला ते नको असतं. त्याला हसायचं असतं, हसू द्यावं.

मला यातलं गणित आवडतं. डबल निटिंग (मध्यम जाडीची) लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घेतली तर साधारण १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी बसतात. आधी तेवढा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजायचा. सगळे हा चौकोन टाळतात आणि मग स्वेटर मेव्हण्याला देतात.

आणखी एक. नवीन लोक परदेशी नमुना बघून विणतात आणि फसतात ते सुईच्या नंबरात. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा.

फुकट_नाही

माझा अनुभव नाही, कैफियत आहे. "तू विणतेसच, मलाही एक विणून दे ना, लोकरीचे पैसे देते." नागपूरचा_गडी, तुम्ही गणितवाले आहात, यांना एकदा हिशोब करून द्या.

नागपूरचा_गडी

घ्या. छाती १०० सेंटिमीटर, म्हणजे २२० टाके. उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे १६८ ओळी. नुसतं अंग ३६,९६० टाक्यांचं झालं. दोन बाह्यांचे साधारण अठरा हजार धरा. गळा, पट्ट्या सोडल्या तरी पंचावन्न हजारांच्या घरात. मिनिटाला तीस टाके या वेगाने तीस तासांच्या वर काम, आणि यात शिवणं, उसवणं, चहा धरलेला नाही. वर पाचसहाशे ग्रॅम लोकर.

हे छापून दाराला लावा.

फुकट_नाही

लावलं. फ्रिजवर.

माणदेशी

माझं जरा वेगळं. आमच्याकडे माण-खटावात धनगरांचे कळप आहेत, दख्खनी मेंढ्यांचे. वर्षातून दोनदा कातरण होते. या लोकरीची घोंगडी सगळ्यांना माहीत असते. मला वाटायचं, दारातून लोकर जाते आणि आपण लुधियानाचे गुंडे का आणतो? म्हणून एका आजींकडून चरख्यावर कातलेलं सूत घेतलं.

विणून बघितल्यावर कारण समजलं. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, तिच्यात केसाचा भाग बराच. धागा तुटत नाही, पण मऊपणा नाही. घोंगडी मागावर विणतात, तिला चिंचोक्याची खळ लावतात. ती अंगावर घेऊन पावसात उभं राहायला आहे, गळ्याशी घालायला नाही. मफलर केला तो वडिलांनी एकदाच घातला. दिवसभर मान खाजवत होते, पण काढेनात, मी केला म्हणून.

मग त्याच सुताची जाड सुईवर बैठकीची चौकोनी आसनं विणली. ती उत्तम टिकली आहेत. काळी आणि करडी हे रंग मेंढीचेच, रंगवायची गरज नाही. आता गावातल्या भजनी मंडळाची मागणी आहे. आजी सूत कातायला तयार आहेत, पण त्यांच्या सुना नाहीत, आणि मला त्यात सुनांचं चुकतं असं वाटत नाही. दिवसभर कातून हातात काय पडतं ते मी पाहिलंय.

कसर_बंदोबस्त

माणदेशी, छान लिहिलंत. आसनांना कसर लागत नाही का? मी खऱ्या लोकरीची शाल कपाटात ठेवली होती, पावसाळ्यानंतर काढली तर चाळण. कडुलिंबाचा पाला, लवंगा सगळं ठेवलं होतं. आता दर महिन्याला उन्हात झटकते आणि घट्ट पिशवीत बंद करते.

खरं सांगायचं तर आपल्या हवेला ॲक्रिलिकच बरं, लोक नाकं मुरडोत. कसर लागत नाही, बाळाचं रोज धुतलं तरी चालतं. फक्त इस्त्री लावायची नाही, वीण कायमची लोळागोळा होते. खऱ्या लोकरीचं उलट: गरम पाण्यात घोळली की धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. आमच्या घरी एकाने मदत म्हणून मशीन लावलं होतं. त्या स्वेटरचा आता चहाच्या किटलीला टोप आहे.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत उलटा प्रकार. इथे थंडी भरपूर आणि बसमध्ये, डॉक्टरकडे, पालकसभेत बायका मोजे विणताना दिसतात. मोज्यांची खास लोकर मिळते: १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४२० मीटर, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के पॉलिअमाइड (नायलॉन), म्हणजे टाच लवकर विरत नाही. एका गुंड्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो. पाच छोट्या दुतोंडी सुयांवर गोल विणतात, चारांवर टाके आणि पाचवी चालती.

आपण धागा उजव्या हाताने सुईवर टाकतो, इथे तो डाव्या बोटावर ताणून धरतात आणि सुईने नुसता ओढून घेतात. सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांची पद्धत बघून मला सांगितलं, "फार हळू होत असेल." मी भाषांतर केलं. सासूबाई शेजारणीचा मोजा हातात घेऊन, ताणून बघून म्हणाल्या, "सांग तिला, झटपट होतंय, पण उलट ओळ सैल पडतीय." हे भाषांतर करायला मला थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी बाई दुसरा मोजा घेऊन आल्या, दाखवायला.

मनगट

सर्वांना एक विनंती. मालिका बघत तासन्‌तास विणू नका. माझा अंगठा अडकायला लागला, वाकवला की कट्‌कन आवाज. फिजिओथेरपिस्टने विणकाम बंद करायला सांगितलं नाही, पण दर अर्ध्या तासाला सुया खाली ठेवायला सांगितल्या. जाड लोकर, बारीक सुई हे मिश्रण सगळ्यात वाईट. हात आवळून विणणाऱ्यांनी एक आकडा जाड सुई घ्यावी.

साखळी_खांब

क्रोशावाली आले. आमचं लवकर होतं. (सांगितल्याशिवाय राहवेना.)

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना स्तन काढावा लागतो, त्यांच्यासाठी मऊ सुती धाग्याचे, आत हलका सिंथेटिक कापूस भरलेले कृत्रिम स्तन विणतात. अमेरिकेत याची चळवळ निटेड नॉकर्स या नावाने सुरू झाली, आता भारतातही बायका विणून मोफत देतात. सिलिकॉनचे महाग आणि जड असतात, आपल्या घामाच्या हवेत तर नकोसे. सुती धुता येतात. मी दोन्ही आकार, लहान-मोठे, विणते. माप बरोबर यावं लागतं, कारण बहुतेकींची दुसरी बाजू स्वतःची असते. पहिला जोड माझ्या बहिणीला केला. तिने ब्लाउज घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "डावा जरा कमी भर." एवढंच. मग आम्ही थोडा कापूस काढला.

नवी_सुई

सगळं वाचून काढलं. मला सुलट, उलट एवढंच येतं. वहिनीला सातवा लागलाय. झेपेल असं काही सांगाल का?

दोनसुलट

टोपी कर. दोन सुयांवर होते. डबल निटिंग लोकर, ८ नंबरची सुई, पन्नास ग्रॅमचा गुंडा पुरून उरेल.

७२ टाके घाल. दोन सुलट, दोन उलट असं चार सेंटिमीटर. मग एक ओळ सुलट, एक उलट, टाके घातल्यापासून दहा सेंटिमीटर होईपर्यंत. आता घट: सात सुलट, दोनांचा एक, असं ओळभर. ६४ उरले पाहिजेत. पुढची ओळ नुसती उलट. मग सहा सुलट, दोनांचा एक, पुन्हा उलट ओळ. असं प्रत्येक वेळी एक सुलट कमी करत जा, आठ टाके उरले की थांब. लांब शेपूट ठेवून धागा काप, सुईत ओवून आठही टाक्यांतून काढ, ओढून गच्च कर आणि त्याच धाग्याने शिवण घाल.

बाळाचं आहे तेव्हा ॲक्रिलिकच घे, वर कसर_बंदोबस्तने लिहिलंय ते वाच.

जुनी_वीण

शिवण कपाळाशी येऊ देऊ नकोस, मागे ठेव. आणि गोंडा लावू नको हो. ते पोर तोडून तोंडात घालतं.